दुनळीची ओळख आणि तिचे मोल

माणगाव तालुक्यात जेथे भातखाचरांच्या बांधालाच रान भिडलेले आहे आणि रानडुकरांचा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, तेथील काही घरांतून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर चढविलेली एखादी जुनी बारा बोअरची दुनळी अद्यापि आढळते. निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा करावी आणि आचारसंहिता उठली की पावती दाखवून परत आणावी, एवढाच तिचा सरकारदरबारी राबता. परंतु ती कोणी घडविली आणि केव्हा घडविली, ही चौकशी बहुधा परवानेदार निवर्तल्यावर, विक्रीच्या घाईतच सुरू होते. माझ्या मामांच्या पश्चात हेच घडले. मामेभावांनी बंदूक रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवली, हे उत्तम केले. पण गिऱ्हाइकाला बरी दिसावी म्हणून कोणा कारागिराने ती ‘नव्यासारखी’ करून देण्याचे सुचविले आणि त्यांनी होकार दिला. मला ती पाहावयास बोलाविले तोवर नळ्यांवर काळेभोर पाणी चढले होते, नक्षीच्या रेषा बुजल्या होत्या, आणि ज्या ठशांवरून तिचे कुलशील कळावयाचे ते ठसे कानशीने साफ पुसले गेले होते. जाणत्या खरेदीदाराने ती हाती घेतली, उघडली, खालची बाजू पाहिली आणि निनावी बंदुकीचा भाव सांगितला. त्या भावाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की प्रथम कागद सांभाळा आणि बंदुकीला हात लावू नका. परवानेदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी ती घरात ठेवून घेणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाला मंजूर नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी, आणि मग वारसाच्या नावे परवाना मागावयाचा की विक्रीची परवानगी, याचा अर्ज अलिबागेस जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावा. पाहणी करावयाची ती विक्रेत्याच्या दुकानी, त्याच्या समक्ष.

दोन नळ्यांमधील पट्टीवर जे नाव कोरलेले असते, त्यावरच बहुतेकांची दृष्टी खिळते; तथापि ते नाव पुष्कळदा घडविणाराचे नसून विकणाराचे असते. कलकत्त्याच्या रॉडा किंवा मँटन यांच्या नावाने आपल्या देशात खपलेल्या कितीतरी बंदुका वस्तुतः बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून आलेल्या आहेत, आणि इंग्रजी धाटणीची नावे धारण करणाऱ्या काही बेल्जियमच्या लिएजहून. नाव कालमर्यादा सांगू शकते, हे मात्र खरे: ‘वेब्ली अँड स्कॉट’ ही जोडी १८९७ च्या एकत्रीकरणातून जन्मली, सबब ते नाव असलेली बंदूक त्यापूर्वीची असू शकत नाही.

खरी साक्ष असते ती नळ्या उतरविल्यावर त्यांच्या मागील टोकाखाली दिसणाऱ्या सपाट जागेवर. इंग्लंडात प्रत्येक नळी जादा दाबाचा बार काढून तपासली जाई आणि उत्तीर्ण झाल्यावर तिच्यावर परीक्षागृहाचे ठसे उमटत. ‘नॉट फॉर बॉल’ ही अक्षरे १८७५ ते १८८७ या कालखंडाची. बर्मिंगहॅमचे मुकुटाखालील ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि ‘एनपी’ हे ठसे १९०४ नंतरचे. आणि दाबाचा आकडा टनांत लिहिलेला असेल तर तो १९५४ च्या नियमांनंतरचा. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ दिसल्यास बंदूक लिएजच्या परीक्षागृहातून गेलेली समजावी. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी: ठसा परीक्षेचा काळ सांगतो, जन्माचा नव्हे, जुन्या नळ्यांची फेरपरीक्षाही होत असे.

याच ठशांवर जीविताची सुरक्षितताही अवलंबून आहे. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून केलेल्या, वेटोळ्यांची नक्षी दाखविणाऱ्या दमास्कस नळ्या बव्हंशी काळ्या दारूच्या जमान्यातल्या; बिनधुराच्या दारूची परीक्षा झाल्याचा ठसा नसेल, तर तीत आजचे काडतूस घालूच नये. काडतुसाच्या कोठ्याची लांबी हा दुसरा धोका. जुना कोठा पुष्कळदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचा. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस विनासायास बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते, परंतु बार होताच ते उलगडून नळीच्या अरुंद भागात घुसते आणि दाब भलताच चढतो. बसले म्हणजे चालते, हा समज घातक आहे. नळीला खळगे वा पोचे असतील, किंवा बंद केलेली बंदूक सांध्यात हलत असेल, तर ठसे कितीही स्पष्ट असोत, जाणत्या कारागिराच्या तपासणीवाचून ती वापरू नये.

मोलाविषयी बोलावयाचे तर विलायती लिलावांतील आकडे येथे निरुपयोगी होत. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानेदारास दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे गिऱ्हाइकांचा परीघ आकसला आहे; उलटपक्षी, चांगल्या परदेशी बंदुकीला मागणी टिकून आहे. मूळ पाणी, मूळ दस्ता, नळ्यांवर व खटक्याच्या भागावर जुळणारा क्रमांक आणि अस्पर्श ठसे, या चार गोष्टींवर भाव ठरतो. विक्रेत्याच्या समक्ष प्रत्येक ठशाचे, क्रमांकाचे व पट्टीवरील अक्षरांचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, किंमत किमान दोन ठिकाणांहून लेखी मागवावी, आणि तोवर कोणी पॉलिश करून देतो म्हणाला तर त्यास स्पष्ट नकार द्यावा.