अठ्ठावीस दिवसांची राखण

मुलांनो, कोंबडीच्या मागे तुरुतुरु चालणारी बदकाची पिल्ले तुम्ही कधी पाहिली आहेत काय? अधिक अंडी मिळावीत म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविलेल्या बदकांत अंडी उबविण्याची ओढ मंदावली. खाकी कॅम्पबेल जातीची मादी तर अंड्यांवर क्वचितच बसते. म्हणून बंगालमधील खेड्यांत बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात.

अंडी ताजी, स्वच्छ व न तडकलेली असावीत. ती आकाराने मोठी असल्यामुळे एका कोंबडीखाली सात-आठच ठेवावीत. टोपलीत पेंढा पसरून ती मांजर-मुंगसापासून दूर, शांत कोपऱ्यात ठेवावी. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात. बदकाच्या अंड्यांना २८ दिवस लागतात. कोंबडीला एक आठवडा अधिक बसावे लागते, म्हणून तिचे दाणापाणी चुकवू नये.

अंडी जड असल्याने ती सर्व फिरविणे कोंबडीला जमत नाही. न फिरविल्यास आतील जीव कवचाला चिकटण्याची भीती असते. म्हणून अंड्यावर पेन्सिलीने खूण करून ते सकाळ-संध्याकाळ हलकेच फिरवावे. बदकीण ओल्या पिसांनी परतते, तेव्हा अंड्यांना ओलावा मिळतो. कोंबडीच्या अंगी तो नसतो. यासाठी कोमट पाण्याचे थोडे शिंतोडे द्यावेत. सातव्या दिवशी अंधारात विजेरीसमोर अंडे धरून पाहावे. तांबूस शिरांचे जाळे दिसल्यास आत जीव आहे असे समजावे. निर्जीव अंडी सडून फुटतात, म्हणून ती काढून टाकावीत. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत.

पंचविसाव्या दिवसानंतर मात्र अंडी फिरवू नयेत. पुढे कवचाला पहिली चीर पडते, आतून चिवचिव ऐकू येते. पण पिल्लू काही बाहेर येत नाही! एक दिवस जातो, कधी त्याहूनही अधिक. कवच सोलून त्याला सोडवावे, असे आपल्याला वाटते. ही दयाच घातक ठरते. त्या वेळी आतील पापुद्र्यात अजून रक्त वाहत असते आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. घाईने कवच काढल्यास रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते.

सत्तावीस दिवस ज्या हातांनी काळजी घेतली, त्याच हातांनी शेवटी स्वस्थ राहावयाचे असते. पिल्लू आपल्या बळाने बाहेर येते, ओली पिसे सुकवते आणि कोंबडीच्या पंखाखाली शिरते.

अभ्यास
१. बदकाची अंडी कोंबडीखाली का ठेवतात?
२. ‘ही दयाच घातक ठरते’ असे लेखकाने का म्हटले आहे?