आपत्तीसाठी चौथा भाग

संसारी माणसाने साठा करावा की करू नये? धम्माच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न नेहमी निघतो. लोभ हे दुःखाचे मूळ आहे, म्हणून साठवण वाईट, असे काहींना वाटते. आमच्या मते याचे उत्तर सुत्तांत आहे, तसेच जुन्नरच्या लेण्यांतही आहे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा आपत्तीच्या काळासाठी. म्हणजे अडचणीची तरतूद हे गृहस्थाचे कर्तव्यच होय. त्याच निकायातील अग्गञ्ञ सुत्त दुसरी बाजू दाखविते. लोक आपोआप उगवणारा तांदूळ रोजच्यापुरता आणीत. पुढे ते दोन, चार, आठ दिवसांचा एकदम आणू लागले. तेव्हा दाण्यावर तूस आले आणि कापलेले पुन्हा उगवेनासे झाले. तात्पर्य, बेगमी वेगळी व साठेबाजी वेगळी.

लेण्याद्रीला जाणाऱ्यांनी कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या अवश्य पाहाव्यात. पावसाळ्यातील पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरविण्याची ती सोय होती. जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांनी पाण्याचा साठा संघाला दिला! साठा सर्वांच्या उपयोगी पडला की त्याचे दान होते.

आपल्या डोंगरी भागात आगोटीपूर्वी कणगीत धान्य, माळ्यावर सरपण आणि गोवऱ्या भरून ठेवण्याची रीत जुनीच आहे. परंतु ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे गेली. जेथे दरडच घरावर येते, तेथे घरातली कणगी काय कामाची? म्हणून तयारी तीन ठिकाणी हवी.

१. घरात : पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज ४ लिटर पाणी धरावे. पाच माणसांना तीन दिवसांसाठी ६० लिटर लागते. निदान आठवड्याचे धान्य, डाळ, तेल, मीठ, गूळ, काडेपेटी व नेहमीची औषधे ठेवावीत. धान्य कडक उन्हात वाळवून कडुलिंबाच्या सुक्या पाल्यात ठेवावे. जुने आधी वापरावे, नवे मागे लावावे.

२. दाराशी : एका पिशवीत बॅटरी, शिधापत्रिका व इतर कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, थोडे पैसे, चणे-गूळ, पाण्याची बाटली आणि मीठ-साखर. जुलाब झाल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. चमचा चहाचा असावा. डोंगराला भेगा दिसल्या किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पिशवी उचलून बाहेर पडावे. सामानासाठी थांबू नये.

३. विहारात : मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी पोती भरली. रोजंदारीवरच्या माणसाने चौथा भाग काढावा तरी कशातून? त्यासाठी प्रत्येक घराने आठवड्यास मूठभर धान्य विहारात आणावे. सुरक्षित जागेवरच्या कोठीत ते ठेवावे, वहीत नोंद करावी, दर तिमाहीस जुने धान्य गरजूंना देऊन नवे भरावे. हिशेब सर्वांसमोर वाचावा. विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे.

घरातील चौथा भाग आपले कुटुंब तारील. विहारातील मूठ शेजारच्या घराला तारील. पावसाळ्यापूर्वी दोन्हींची तयारी प्रत्येक सभासदाने करावी, ही विनंती.