झोपलेला ढोलवादक

पुण्याच्या नारायण पेठेत अनंत चतुर्दशीच्या रात्री शांत झोप क्वचितच कोणास लाभते. मानाच्या पाच गणपतींपैकी पाचवा, केसरीवाड्याचा गणपती, ह्याच पेठेतला. लक्ष्मी रस्त्याने मिरवणुका टिळक चौकाकडे सरकत असतात, आणि दुसऱ्या दिवसाची उन्हे वर आली तरी ढोल-ताशे थांबत नाहीत.

समजा, अशा सकाळी पेठेतील एका तरुणाने एक छायाचित्र टिपले. जुन्या वाड्याच्या ओट्यावर ढोलपथकातील एक मुलगा ढोलावरच डोके टेकून गाढ झोपला आहे. आपले चित्र कोणी टिपले, ह्याची त्यास जाणीवही नाही. मुद्दाम बसवून घेतलेल्या चित्रात असा विसावा कोठून यावा? चित्राच्या प्रतीखाली तरुणाने पेन्सिलीने 'आळशी वादक' असे लिहिले आणि ती आपल्या छायाचित्रकार मित्रापुढे ठेवली. "कसे आहे, सांग."

'छान आहे' असे म्हणून मोकळे होणे मित्रास सोपे होते. पण त्या शब्दाने कोणाचेही पुढचे चित्र सुधारत नाही. दोष मोजत सुटणे, हेही तितकेच सोपे. मित्र बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, "त्याच्या बोटांवरच्या चिकटपट्ट्यांवर ऊन पडले आहे, हे फार चांगले झाले. त्याने रात्रभर वाजवले, हे त्या पट्ट्याच सांगतात. पण विजेचा खांब त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. दोन पावले डावीकडे का सरकला नाहीस?"

"डावीकडे ढोल रचून ठेवले होते. पाय लागता, तर तो जागा झाला असता."

"मग खांबाचे म्हणणे मी मागे घेतो."

दुकानाची मोठी पाटी मात्र नजर ओढून घेत होती. मित्राने पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या चित्रावर ठेवल्या आणि उजवी कड झाकली. पाटी नाहीशी झाली. मुलगा जणू जवळ आला. तरुणास हे रुचले नाही. टिपलेल्या चित्रास कात्री लावावी काय? कात्रीचा असाच तिटकारा आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या थोर फ्रेंच छायाचित्रकारासही होता. तरीही 1932 साली पॅरिसच्या सें-लाझार स्थानकामागे, साचलेल्या पाण्यावरून झेप घेणाऱ्या माणसाचे जे चित्र त्याने कुंपणाच्या फटीतून टिपले, त्याची कड त्यास कापावीच लागली. त्या चित्रात मागच्या भिंतीवरील जाहिरातीतही एक आकृती तशीच झेपावताना दिसते. पार्श्वभूमी कधी खांबासारखी आड येते, तर कधी अशी साथ देते.

शेवटी मित्राने चित्राखालील अक्षरांवर बोट ठेवले. "हे कोणी ठरवले?"

तरुण गप्प राहिला.

"तू त्यास न विचारता टिपलेस. तो झोपेत होता. नको म्हणणे त्यास शक्य नव्हते. त्याच्या आईने हे वाचले, तर?"

तरुणाने खोडरबर घेतले. अक्षरे पुसली, तरी कागदावर पेन्सिलीचा वण राहिलाच. तेव्हा त्याने दुसरी, कोरी प्रत काढली आणि ढोलावर रंगवलेले पथकाचे नाव भिंगाखाली धरून तो वाचू लागला. ती प्रत त्या मुलापर्यंत पोहोचवायची होती.