आधी आपली सरी

प्रदूषण करू नका, हे सभेत सांगायला काही लागत नाही. शेतात, पंगतीत आणि देवाच्या वाटेवर मात्र ते पाळायला पैसे लागतात, माणसं लागतात, पाठ मोडून घ्यावी लागते. तेरणेकाठची शेती, बायकांचा बचत गट आणि ग्रामपंचायतीची एक टर्म एवढ्यात जे कळलं, ते लिहिते.

१. जाळणाऱ्याची अडचण आधी ऐकून घ्यावी

उसाची तोडणी आटपत आली की फेब्रुवारी-मार्चात आमच्या शिवारात संध्याकाळी पाचट पेटतं. नेमके तेच दिवस पापड-कुरडयांचे. सकाळी बाजेवर बघावं तर कुरडयांवर काळी काजळी बसलेली.

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब, हे मेळाव्यात सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. ऐकून माना डोलावतात आणि घरी येऊन काडी ओढतात. का, ते शेजारच्या भाऊजींनी एकदा सांगितलं. ‘वहिनी, सरीत पाचट असलं की पाणी पुढं सरकत नाही. लाईट येती रात्री. अंधारात पाचटात हात घालायचा, अन् जनावर असलं म्हणजे?’

यात अडाणीपणा कुठं आहे? रात्री दारं धरणाऱ्याला हेक्टरी टनांचा हिशोब सांगून उपयोग नाही, त्याला पाणी पुढं सरकवून दाखवावं लागतं. आम्ही आमच्या खोडव्यात पाचट एक आड एक सरीत दाबलं आणि मोकळ्या सरीतून पाणी दिलं. बुडखे जमिनीसरशी छाटून घेतले. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारे जिवाणू शेणकाल्यात कालवून टाकले. वरचा थर वाळून खडखडीत झाला, तरी खाली ओल टिकून होती. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबवता आली. भाऊजी आपणहून बांधावर आले, काठीनं पाचट उचकून खाली बघितलं आणि काही न बोलता गेले. पुढच्या हंगामात त्यांनी अर्ध्या रानातलं पाचट ठेवलं. उरलेलं अर्धं पेटवलं, तेव्हा मी गप्प बसले.

२. न जाळणाऱ्यालाच जास्त राबावं लागतं

शेजाऱ्यानं पेटवलं तर ठिणगी कुणाच्या रानात जाईल? ज्यानं पाचट राखलंय त्याच्या. म्हणून बांधाकडेची पट्टी झाडून आपणच मोकळी ठेवायची. हा न्याय नाही, पण तक्रार करत बसलं तर खोडवा जातो.

३. भांड्यांचा गट काढाल, तर धुणार कोण ते आधी ठरवा

राज्यात प्लास्टिकबंदी आली २०१८ साली. थर्माकोलची ताटं-वाट्या तेव्हाच बाद व्हायला हव्या होत्या. आमच्याकडं लग्नाच्या मांडवामागं त्यांचे ढीग त्यानंतरही दिसत. गुरं उष्ट्याच्या वासानं येत आणि कागद-प्लास्टिक चघळत बसत. आम्ही बचत गटानं वर्गणी काढून स्टीलची ताटं, वाट्या, पेले घेतले. भाडं नाममात्र ठेवलं, हरवलं तर भरून द्यायचं. पहिल्या पंगतीला गावानं कौतुक केलं. पंगत उठल्यावर मात्र राखेचं घमेलं आणि खरकट्या ताटांची चळत घेऊन हापशाशी कोण बसलं? आम्हीच. सकाळपासून पोळ्या लाटलेल्या त्याच बायका.

गावाचा कचरा कमी करायचा आणि त्याचा भार बायकांच्या मनगटावर टाकायचा, याला मी जबाबदारी म्हणत नाही. पर्यावरणाच्या बऱ्याच योजनांत हेच होतं, शहरातही होत असावं. मग गटात ठराव केला. ज्याच्या घरचं कार्य, त्याच्या घरचे पुरुष भांडी घासतील. कबूल नसेल तर भांडी मिळणार नाहीत. चिडचिड झाली, दोन घरांनी मुद्दाम थर्माकोल आणला. पण एका बारशाला पाहुणा म्हणून आलेला जावई शर्टाच्या बाह्या सारून ताटं घासायला बसला आणि तिथं विषय संपला. जावई घासतोय म्हटल्यावर सासऱ्याला उभं राहवेना.

४. फवारणीचा पंप पाण्याशी धुवायचा नाही

२०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडं टँकर होतेच. पाण्याची अशी किंमत कळलेल्या मुलखात सोयाबीनचं तणनाशक मारून पंप ओढ्यात खळबळायचा, रिकामी बाटली बांधावर फेकायची, हे बघवत नाही. बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावं, म्हणजे औषधही वाया जात नाही. मग तळाला भोक पाडावं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण धड बाटली कुणाच्या तरी घरात तेलाला जाते.

५. झाडू स्वतःच्या हातात हवा

गाडगेबाबा गावात आले की आधी झाडत आणि रात्री कीर्तन करत. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं. आमच्यासारख्या बऱ्याच गावांनी क्रम बदलला. आधी भाषण, मग समिती येणार म्हणून आदल्या रात्री झाडलोट.

तुळजापूरच्या वाटेवर तेच दिसतं. कोजागरीला सोलापूरहून लाखो माणसं चालत आईच्या दर्शनाला येतात. रस्ताभर पुण्य म्हणून पाणी, चहा, फराळ वाटतात. दुसऱ्या दिवशी पाण्याचे पाऊच आणि कप रस्त्याच्या कडेनं उडत असतात. वाटणाऱ्यानं आपल्या मांडवापुढचा पट्टा झाडूनच मांडव उतरवावा, एवढं जरी पाळलं तरी पुरे. चालणाऱ्यानं तांब्या किंवा बाटली कमरेला बांधावी.

६. सगळ्यांना सांगायला जाऊ नये

वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. तिथल्या कित्येक घरांची चूल त्या दारूवर पेटते आणि त्याच दारूनं तिथं माणसंही भाजली आहेत. दिवाळीत आमच्या घरी फटाके येत नाहीत. पोरांनी कुरकुर केली, मग सवय झाली. पण तेरखेड्यात जाऊन धुरावर बोलायचं धाडस मला होत नाही. पाचटाला दुसरी सरी होती, थर्माकोलला स्टीलचं ताट होतं. फटाके वळणाऱ्या बाईला उद्यापासून दुसरं काय काम देणार, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. ते सापडेपर्यंत मी तिथं एसटीतून उतरून उपदेश करणार नाही.