उन्हात जाताच चेहरा खाजतो? ट्यूब लावण्याआधी हे पाहा

तेंदूपत्त्याचा हंगाम असो की धानाची रोवणी, चंद्रपूर-गडचिरोलीत ऊन अंगावर घेऊनच काम करावे लागते. मुलीच्या गालावर लाल पुरळ उठले की घरात म्हणतात, ‘ऊन लागलं.’ मग मेडिकलमधून ट्यूब येते. इथेच चूक होते.

आधी नीट पाहा. उन्हात गेल्यावर काही तासांत बारीक, खाजरे पुरळ उठते आणि सावलीत राहिल्यावर काही दिवसांत जाते, तर ती बहुधा उन्हाची ॲलर्जी असते. गोल, कडेने वाढणारा, खाजरा चट्टा गजकर्णाचा असू शकतो. चट्टा खाजत नाही, पण तिथे स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

दोन्ही गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली पसरली, उन्हाने वाढली आणि आठवडे राहिली, तर ल्युपसची शंका घ्यावी. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक तरुण. सोबत बारीक ताप, सांधेदुखी, तोंडात फोड, केस गळणे, पायावर सूज किंवा लघवीला फेस असेल तर थांबू नका. हा आजार मूत्रपिंडापर्यंत पोचतो.

आपल्या वस्त्यांत आणखी एक गफलत होते. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सांधे दुखणे, थकवा, रक्त कमी होणे दोन्ही आजारांत असते. म्हणून सारे सिकलसेलच्या माथी मारले जाते. पण उन्हाने चेहऱ्यावर पुरळ उठणे हे सिकलसेलचे लक्षण नाही. सिकलसेल असलेल्या मुलीलाही ल्युपस होऊ शकतो.

डॉक्टर रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासतील, एएनए चाचणी सांगतील. एकट्या एएनएवरून निदान होत नाही. लक्षणे जोडून पाहावी लागतात. ल्युपसवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. हिवतापाच्या क्लोरोक्विनचे हे जवळचे औषध. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिले असेल तर ती स्वतःहून चेहऱ्याला लावू नका. ही स्टेरॉइडे आहेत. खाज दबते, पण गजकर्ण पसरते, कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो.

पुरळ उठलेल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लावलेली ट्यूब आणि सिकलसेलचा कागद सोबत घ्या. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि तिथून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात जा. तोवर ओढणी, रुंद काठाची टोपी आणि दुपारची सावली.