द्राव्य, द्रावक आणि भाजक : शालेय परिभाषेच्या अध्यापनाचा भाषिक विचार

शालेय शिक्षणात शब्दसंपत्तीचा विचार सामान्यतः मराठीच्या तासापुरता केला जातो. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार आणि म्हणी यांच्या याद्या मराठीच्या वहीत उतरवल्या जातात व परीक्षेत त्यांवर प्रश्न येतात. परंतु माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला भेटणारे अनेक नवे शब्द मराठीच्या पुस्तकातून नव्हे, तर विज्ञान, गणित, भूगोल, इतिहास या विषयांच्या पुस्तकांतून येतात. ते शब्द कोणी शिकवावयाचे हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. विज्ञानाचा शिक्षक ते भाषेचे काम समजतो आणि भाषेचा शिक्षक ते विज्ञानाचे. या दोहोंच्या मध्ये सापडलेला विद्यार्थी व्याख्या पाठ करून आपली सुटका करून घेतो.

या प्रश्नाकडे शिक्षणशास्त्राचे लक्ष गेले नाही असे नाही. इंग्लंडमध्ये ॲलन बुलक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली सादर केलेल्या अहवालात भाषेचा विकास ही सर्व विषयांच्या शिक्षकांची जबाबदारी असल्याचे आग्रहाने मांडले होते. भारतात राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या आराखड्यानुसार आखलेल्या द्विवर्षीय बी.एड. अभ्यासक्रमात सर्व विषयांतील भाषेचा विचार करणारी स्वतंत्र अभ्यासपत्रिका आली. तथापि, इंग्रजीच्या संदर्भात तयार झालेली तत्त्वे मराठीला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. मराठी परिभाषेची घडण वेगळी आहे आणि तिच्या अध्यापनाची वाटही त्या घडणीतूनच शोधावी लागते. ती घडण मराठीच्या व्याकरणात आहे, आणि व्याकरण हा मराठीच्या अध्यापकाचा प्रांत आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख या मुद्द्यावर आहे.

१. परिभाषेची घडण

मराठीतील शालेय परिभाषा बव्हंशी तत्सम आहे. तिच्यातील काही शब्द फार जुने आहेत. गुण्य, गुणक, भाज्य, कर्ण हे शब्द भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या, म्हणजे बाराव्या शतकातील संस्कृत गणिताच्या परंपरेतून आले आहेत. एकोणिसाव्या शतकात मराठीतून शालेय पुस्तके लिहिली जाऊ लागली तेव्हा, आणि पुढे १९६० मध्ये स्थापन झालेले भाषा संचालनालय व १९६७ मध्ये स्थापन झालेले पाठ्यपुस्तक मंडळ यांच्या काळात, नव्या संज्ञा मुख्यतः संस्कृत धातू, उपसर्ग, प्रत्यय व समास यांच्या आधारे घडवण्यात आल्या.

या परिभाषेवर ‘बोजड’ असा शिक्का नेहमी मारला जातो. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांकडे पालक वळतात, त्यामागील अनेक कारणांपैकी हेही एक कारण सांगितले जाते. वस्तुतः ‘फोटोसिंथेसिस’ हा ग्रीक घटकांचा शब्द इंग्रजी मुलालाही तितकाच अपरिचित असतो. तत्सम संज्ञेचे घटक निदान मराठीत अन्यत्र वावरत असतात. मात्र ते ओळखण्याची किल्ली विद्यार्थ्याच्या हाती दिली गेली, तरच या पारदर्शकतेचा लाभ होतो. ती किल्ली शाळेत शिकवली जाते, पण ‘व्याकरण’ या नावाने आणि चार गुणांसाठी. विज्ञानाच्या तासाला तिची आठवण कोणी करून देत नाही.

२. प्रत्ययाचा उपयोग

गणितातील ‘लसावि’ आणि ‘मसावि’ यांचे उदाहरण घ्यावे. ‘लघुतम साधारण (किंवा सामाईक) विभाज्य’ आणि ‘महत्तम साधारण विभाजक’ या संज्ञांची ही आद्याक्षरी रूपे मुलांच्या तोंडी निरर्थक ध्वनींप्रमाणे बसतात. १२ आणि १८ या संख्यांचा लसावि ३६ येतो व मसावि ६ येतो. ‘लघुतम’ असलेली संख्या मोठी आणि ‘महत्तम’ असलेली लहान, हा विपर्यास पाहून विद्यार्थी गोंधळतो आणि दोन्ही उत्तरांची अदलाबदल करतो. ही चूक बहुधा बेरीज-गुणाकाराची नसते, तर शब्दाची असते. संज्ञेतील पहिल्या शब्दावर त्याचे लक्ष खिळलेले असते. अर्थाचा भार मात्र शेवटच्या शब्दावर आहे.

‘-अक’ या प्रत्ययाने करणारा आणि ‘-य’ या प्रत्ययाने करण्याजोगा किंवा करावयाचा, असा अर्थ येतो. पूजक आणि पूज्य, सेवक आणि सेव्य या जोड्या मराठीच्या तासाला भेटलेल्या असतात. विभाजक म्हणजे भागणारा, विभाज्य म्हणजे भागला जाणारा. १२ व १८ या दोहोंना भागणारे १, २, ३ व ६ आहेत. त्यांतील सर्वांत मोठा ६. दोहोंनी भागले जाणारे ३६, ७२, १०८ असे अनंत आहेत. त्यांतील सर्वांत लहान ३६. प्रत्ययाचा अर्थ उमगताच ‘लघुतम’ व ‘महत्तम’ ही विशेषणे आपापल्या जागी बसतात.

हीच जोडी पुढे रसायनशास्त्रात येते. पाण्यात साखर विरघळते तेव्हा साखर द्राव्य, पाणी द्रावक आणि दोहोंचे मिश्रण द्रावण. गुण्य, गुणक, गुणाकार. भाज्य, भाजक, भागाकार. द्राव्य, द्रावक, द्रावण या तीन ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या, तर नव्या संज्ञा शिकवण्यापेक्षा ओळखीच्या साच्यात नवा शब्द बसवण्याचे काम उरते. ही मांडणी विज्ञानशिक्षकाने केली काय किंवा मराठीच्या शिक्षकाने केली काय, लाभ दोन्ही विषयांना होतो.

३. विग्रह आणि त्याच्या मर्यादा

समासाच्या विग्रहाचे महत्त्व याहून अधिक आहे, कारण विग्रह चुकला की विषयाची समजही चुकते. ‘प्रकाशसंश्लेषण’ या संज्ञेचा विग्रह ‘प्रकाशाचे संश्लेषण’ असा षष्ठी तत्पुरुषाप्रमाणे केला, तर वनस्पती प्रकाश तयार करते असा अर्थ होतो. ‘प्रकाशाने (प्रकाशाच्या साहाय्याने) संश्लेषण’ हा तृतीया तत्पुरुष ध्यानात आला, तर कोणाच्या मदतीने आणि काय तयार होते, हे दोन्ही प्रश्न आपोआप उपस्थित होतात व विज्ञानाचा पाठ तेथूनच सुरू करता येतो.

‘आम्लारी’ ही संज्ञा अशीच बोलकी आहे. मुराचा अरी तो मुरारी, त्रिपुराचा अरी तो त्रिपुरारी, हे संस्कार मराठी मुलाच्या कानावर घरीच झालेले असतात. आम्लाचा अरी तो आम्लारी, असे म्हणताच आम्ल व आम्लारी एकत्र आल्यावर परस्परांचे गुण नाहीसे होतात, हे उदासिनीकरणाचे सूत्र शब्दातच दडलेले आढळते.

परंतु प्रत्येक संज्ञा विग्रहाने उलगडत नाही. ‘पर्जन्यछाया’ म्हणजे ‘पर्जन्याची छाया’ असे म्हणून भागत नाही. उलट छाया या शब्दाशी निगडित असलेला गारवा व आसरा विद्यार्थ्याच्या मनात येतो. माण-खटावसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील मुलाला त्या प्रदेशाचा अनुभव आहे, केवळ संज्ञेचा नाही. अशा वेळी डोंगराच्या वातसन्मुख व वातविन्मुख उताराची आकृती आधी काढावी, बाष्पयुक्त वारे कोठे अडतात हे दाखवावे, मुलांकडून त्यांच्या गावच्या पावसाचे वर्णन घ्यावे आणि संज्ञा शेवटी द्यावी. अनुभव आधी व नाव नंतर, हा क्रम सर्वच विषयांत हितावह ठरतो. नाव आधी दिले की मुले व्याख्येकडे धावतात आणि निरीक्षण मागे पडते.

४. एक शब्द, अनेक तास

विषयांची सरमिसळ टाळण्याच्या प्रयत्नात एका महत्त्वाच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. तोच शब्द निरनिराळ्या तासांना निरनिराळ्या अर्थाने येतो. ‘धातू’ मराठीच्या तासाला क्रियापदाचे मूळ असतो आणि विज्ञानाच्या तासाला लोखंड वा तांबे. ‘प्रयोग’ व्याकरणात कर्तरी, कर्मणी व भावे असतो, प्रयोगशाळेत करावयाचा असतो आणि नाटकाचाही असतो. ‘वर्ग’ खोलीला, संख्येच्या घाताला, समाजाच्या थराला व प्राण्यांच्या गटाला म्हणतात. छंदःशास्त्रातील गण व जाती या संज्ञा जीवशास्त्राच्या वर्गीकरणातही आहेत, आणि ‘जाती’ला सामाजिक अर्थाचे ओझेही आहे.

या शब्दांचा एक लहानसा तक्ता प्रत्येक वर्गात लावावा. उभ्या रकान्यांत विषय, आडव्या ओळीत शब्द आणि चौकटीत विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेले वाक्य, एवढी त्याची रचना पुरेशी आहे. शक्य तेथे या अर्थांना जोडणारा मूळ धागाही दाखवावा. ‘वृत्’ म्हणजे वळणे, असणे, वागणे या संस्कृत धातूपासून वृत्त, अक्षवृत्त, वर्तुळ, वर्तन, आवर्तन, परावर्तन व अपवर्तन हे शब्द निघाले आहेत. परा म्हणजे मागे. निश्चयापासून माणूस परावृत्त होतो, तसा आरशावरून प्रकाश परावर्तित होतो. अप म्हणजे बाजूला. काचेत शिरताना प्रकाश आपल्या मार्गापासून बाजूला वळतो. भूगोलातील आवर्त पर्जन्य व रसायनशास्त्रातील मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण हे शब्दही याच कुळातले. एका धातूचे हे कुळ तयार करण्याचा उपक्रम मराठीच्या एका तासात पूर्ण होऊ शकतो आणि चार विषयांना पुरतो.

संज्ञांइतकेच लक्ष प्रश्नपत्रिकेच्या भाषेकडे दिले पाहिजे. ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘भौगोलिक कारणे लिहा’ आणि इतिहासातील ‘कारणे द्या’ या तीन सूचनांत ‘कारण’ हा शब्द समान असला तरी अपेक्षित उत्तर समान नसते. विज्ञानात नियम सांगून तो प्रसंगाला लावावा लागतो, भूगोलात स्थान व परिस्थिती यांचा संबंध दाखवावा लागतो, तर इतिहासात मानवी हेतू व घटनांची साखळी उलगडावी लागते. तुलना करा, निष्कर्ष काढा, वर्गीकरण करा, सोदाहरण स्पष्ट करा या क्रियापदांचेही असेच आहे. इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिओन व लिंडा कुकन यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात शब्दांचे तीन थर मानले. रोजच्या बोलण्यातले शब्द मूल आपोआप उचलते व विशिष्ट विषयाची संज्ञा विषयाबरोबर येते; पण सर्व विषयांत वावरणाऱ्या मधल्या थरातील शब्दांना हेतुपुरस्सर शिकवावे लागते, हा त्यांचा विचार मराठी शाळेलाही लागू पडतो.

५. घरची भाषा

या पद्धतीची एक गंभीर मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. तत्सम घटकांची ओळख सर्व मुलांना सारखी नसते. ज्या घरात पोथी, कीर्तन वा वर्तमानपत्र आहे, त्या घरातील मुलाला ‘अरी’ किंवा ‘परावृत्त’ परके वाटत नाहीत. अहिराणी, वऱ्हाडी वा मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीपासून एक पाऊल पुढे यावे लागते. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील, तर गडचिरोलीतील गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. तेथील मुलासाठी शालेय मराठी हीच नवी भाषा आहे आणि तत्सम संज्ञा तिच्याही पलीकडे. त्याला केवळ विग्रह सांगणे म्हणजे एका कुलुपाची किल्ली दुसऱ्या कुलुपात ठेवून देणे होय. अशा वर्गात मुलांकडून त्यांच्या भाषेतील शब्द मागून घेणे, तो फळ्यावर संज्ञेच्या शेजारी लिहिणे आणि दोहोंचा अर्थ कोठे जुळतो व कोठे जुळत नाही याची चर्चा करणे, ही पहिली पायरी ठरते. माती, पाऊस, झाडे, मासे यांच्यासाठी या मुलांकडे असलेला शब्दसंग्रह पुष्कळदा पाठ्यपुस्तकापेक्षा सूक्ष्म असतो.

विषयातील शब्द ही केवळ शिक्षकांची तांत्रिक बाब नाही, हे २०१९ मध्ये दिसून आले. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ या रूढ वाचनाबरोबर ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले, तेव्हा वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद झाला. जोडाक्षरांची अडचण व दशक-एकक यांचा उलटा क्रम हा एका बाजूचा युक्तिवाद होता; भाषेच्या परंपरेची काळजी ही दुसऱ्या बाजूची भूमिका होती. ‘एकोणतीस’ म्हणजे एक उणे तीस, हा उलगडा वर्गात सहज करता येतो. पण तो करावयाचा कोणी, हाच प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता.

६. समारोप

विद्यापीठीय मराठी विभागांतून बाहेर पडणारे बहुसंख्य विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांत भाषा शिकवतात. त्यांच्या अभ्यासक्रमात शब्दसिद्धी व अर्थविचार असतो, पण त्याचा संबंध साहित्यकृतीपलीकडे क्वचितच जोडला जातो. शालेय पाठ्यपुस्तकांतील संज्ञांची घडण, त्यांतील अनेकार्थता, बोलींमधील समांतर शब्द आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील शब्दनिष्ठ चुका हे पदव्युत्तर लघुप्रबंधांचे विषय व्हावयास हवेत. विषयशिक्षकाच्या हाती असा अभ्यास पडला, तर ‘गणितात कच्चा’ ठरवलेल्या कित्येक मुलांची अडचण गणिताची नव्हती, तर एका प्रत्ययाची होती, हे वेळीच उमगेल. मराठीतून ज्ञान देता येते की नाही, या जुन्या वादाचे उत्तर परिषदांतील ठरावांपेक्षा पाचवी-सहावीच्या वर्गातील फळ्यावर अधिक लवकर मिळण्यासारखे आहे.