कुत्र्याला भाकरी किती घालावी?



आपल्या धामणगावात पुष्कळांच्या वावरात कुत्रा असतो. रात्री रानडुकरे आणि रोही मक्यात शिरतात. तेव्हा कुत्राच भुंकून सगळ्यांना जागे करतो. त्याला आपण उरलेसुरले घालतो. पण त्याला रोज किती लागते, हे चौथीच्या गणितानेही काढता येते. कसे ते पाहू.

पहिली पायरी : वजन

कुत्रा काट्यावर स्वस्थ उभा राहत नाही. म्हणून माणसाने त्याला उचलून उभे राहावे. आमच्या राणीला घेऊन बाबा काट्यावर उभे राहिले, तेव्हा 78 किलो भरले. मग बाबा एकटे उभे राहिले, 62 भरले. 78 मधून 62 गेले, उरले 16. राणीचे वजन 16 किलो.

दुसरी पायरी : उष्मांक

अन्नातून शरीराला जी शक्ती मिळते ती उष्मांकात मोजतात. नुसते पडून राहिले तरी श्वास घ्यायला आणि अंग गरम ठेवायला उष्मांक लागतात. ते काढायचे सोपे सूत्र असे आहे : वजनाला 30 ने गुणावे आणि त्यात 70 मिळवावे. हे सूत्र साधारण 2 किलोपासून 45 किलोपर्यंत चालते.

राणीसाठी : 16 × 30 = 480. 480 + 70 = 550.

मोठा कुत्रा चालतो, धावतो, भुंकतो. म्हणून याच्या दीडपट ते पावणेदोनपट द्यावे. 550 ची दीडपट 825 होते.

मला वाटले, वजन दुप्पट तर खाणेही दुप्पट असेल. पण तसे नाही. गुरुजींनी सांगितले की मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 साली हा नियम मांडला. एक प्राणी दुसऱ्याच्या 16 पट जड असला तरी त्याला सुमारे 8 पटच अन्न लागते. म्हणून लहान कुत्र्याला दर किलोमागे जास्त लागते आणि मोठ्याला कमी.

तिसरी पायरी : उष्मांकाची भाकरी

100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 340 उष्मांक असतात. आमच्या घरची एक भाकरी 75 ग्रॅम पिठाची होते. म्हणजे एका भाकरीत सुमारे 250. राणीला रोज तीन भाकरी आणि थोडे वरण मिळायचे. तिला तेवढे पुरत होते.

मग राणीला चार पिल्ले झाली. पिल्ले दहा दिवसांची झाली तेव्हा तिच्या बरगड्या दिसू लागल्या. आजी म्हणाली, "कुत्रीले कोनी मोजून घालते का? रोजच्याएवढंच घाला." मी पाटीवर हिशेब केला. अंगावर पाजणाऱ्या कुत्रीला दोनपट ते चारपट लागते. पिल्ले तीन-चार आठवड्यांची असतात तेव्हा सर्वांत जास्त लागते. आम्ही तिप्पट धरले. 550 × 3 = 1650. म्हणजे रोजच्यापेक्षा बरोबर दुप्पट!

मग असे ठरवले :

4 भाकरी : 1000
100 ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण : 335
3 उकडलेली अंडी : 210
2 चमचे तेल : 90
एकूण : 1635

हे सगळे एकदम नाही, दिवसातून चार वेळा घातले. नुसत्या भाकरीने पोट भरते, पण दूध तयार व्हायला प्रथिने लागतात. म्हणून डाळ आणि अंडी. पाण्याचे भांडे तर कायम भरलेले पाहिजे. आता पिल्ले दीड महिन्याची आहेत. चारही जगली. आजीच आता विचारते, "राणीचा हिशेब झाला का रे?"

हाताने तपासावे

हिशेब बरोबर आहे का, हे कुत्र्याचे अंगच सांगते. बरगड्यांवरून हात फिरवावा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून दिसू नयेत. दिसल्या तर खाणे वाढवावे. चाचपूनही लागल्या नाहीत तर कमी करावे. वाढवूनही वाळतच असेल तर पोटात जंत असू शकतात. मग गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

मांजराचे वेगळे

4 किलोच्या मांजराचे उत्तर 4 × 30 + 70 = 190 येते. घरात फिरणाऱ्या मांजराला रोज सुमारे 230 लागतात. एका उंदरात सुमारे 30 उष्मांक असतात. म्हणजे मांजराचे जेवण सात-आठ उंदरांचे झाले! मांजराला मांस, मासे असे खाणे लागतेच. नुसत्या दूध-भाकरीवर ठेवले तर त्याचे डोळे आणि हृदय बिघडते. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही.

हे देऊ नये

कांदा आणि लसूण कच्चा असो की शिजलेला, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून वरण बिनफोडणीचे द्यावे. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट देऊ नये. शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात, ते आतड्यात रुततात.

करून पहा

1) 20 किलोच्या मोठ्या कुत्र्याला दीडपटीने रोज किती उष्मांक लागतील?
2) त्याला 3 भाकऱ्या घातल्या, तर आणखी किती उष्मांकांचे खाणे द्यावे लागेल?

(उत्तरे : 1005, 255)

— इयत्ता 4 थी